‘काका’ आता मला ‘मॅडम’ म्हणतात: ऑफिसच्या मेसेजमध्ये कोणाला काय लिहावं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी लोअर परळमधल्या एका मालवाहतूक कंपनीत नऊ वर्षं नोकरी करते. वय ३२. गेल्या दिवाळीनंतर बढती मिळाली आणि सहा जणांची टीम माझ्याकडे आली. त्यात आमचे काका आहेत, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेले. मी नवीन होते तेव्हा बिल्टी, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती, कशी तपासायची, गाडी वाटेत अडली तर कोणाला फोन लावायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. तेव्हा ते मला ‘अगं’ म्हणून हाक मारायचे. बढतीच्या दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या मेसेजमध्ये ‘मॅडम’ आणि ‘आपण’ आलं. मला ते टोचतं. त्यात मागच्या महिन्यात घाईघाईत मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काका, कालची बिल्टी पाठवली नाही अजून?’ तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांना ते लागलं, असं दुसऱ्या सहकाऱ्याकडून कळलं.

आमचे नवे हेड पुण्याहून आलेत, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. ‘सर नको, नावाने हाक मार’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. ते मला ‘तू’ लिहितात. माझ्याच्याने त्यांना ‘तू’ लिहवत नाही, आणि ‘तुम्ही’ लिहिलं की ते हसण्याची इमोजी टाकतात. शेवटी मी हल्ली सगळ्यांना इंग्रजीतच लिहिते, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. पण काकांना इंग्रजीत मेसेज गेला की अंतर आणखी वाढतं.

एका ट्रान्सपोर्टरचा माणूस रोज ‘हाय डिअर’ अशी सुरुवात करतो, त्याला काय उत्तर द्यावं? आस्थापना नोंदणीच्या कामासाठी महापालिकेला मराठीत मेल करावा लागतो, तिथे ‘सर’ लिहायचं की ‘महोदय’? आणि ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात, त्यांना उत्तर द्यायचं का?

एक वाचक, परळ

उत्तर

काकांचा प्रश्न आधी घेते. बाकीचे प्रश्न चार दिवस पुढे गेले तरी चालतील. हा मात्र जितका लांबेल तितकं बोलणं कठीण होत जाईल.

तुमचा तो मेसेज एकदा परत वाचा: ‘काका, कालची बिल्टी पाठवली नाही अजून?’ सुरुवातीला ‘काका’ आहे, त्यामुळे आदर राखला गेला असं तुम्हाला लिहिताना वाटलं असणार. पण मराठीत आदर हाकेपेक्षा क्रियापदात जास्त असतो. ‘पाठवलीत का’ मधला शेवटचा ‘त’ काढला की तेच वाक्य दहावीतल्या मुलालाही विचारता येतं. मुंबईत बोलताना हा ‘त’ आपण सर्रास गाळतो. ‘तुम्ही पाठवली का’ असंच म्हणतो, आणि ‘तुम्ही’ असल्यामुळे ते खटकत नाही. तुमच्या वाक्यात ‘तुम्ही’ही नव्हतं आणि ‘त’ही नव्हता. तोंडी विचारलं असतंत तर तुमच्या आवाजावरून कळलं असतं की पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, फोनने तुम्हीच हैराण आहात. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो. वर ते ‘अजून’, म्हणजे उशीर झाला हे आधीच ठरवून टाकलेलं. आणि वाचलं कोणी? ज्या मुलांना काका आज काम शिकवतात त्यांनी.

‘काका, कालची बिल्टी पाठवलीत का? पार्टीचा दोनदा फोन येऊन गेला,’ एवढंच त्यांच्या एकट्याच्या नंबरवर गेलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत बिल्टी पाठवली असती. माणसाला कामाची आठवण करून दिली म्हणून राग येत नाही. ती चारचौघांत करून दिली की येतो. यापुढे एक नियम स्वतःपुरता घाला: एकाच माणसाचं राहिलेलं काम ग्रुपवर विचारायचं नाही. ग्रुपवर फक्त सगळ्यांना लागू असलेलं लिहायचं. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. शब्द चुकला तर ती सोय वापरा, पण ज्याने तेवढ्यात वाचलं त्याच्या मनातून तो जात नाही. आणि पुसून टाकलेला मेसेज तर अधिकच डोळ्यांवर येतो. ‘काय लिहिलं होतं?’ ही चौकशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचलेली असते.

आता ‘मॅडम’. तुम्हाला तो शब्द टोचतो, आणि काका दुरावले म्हणून तो आला असं तुम्ही धरून चाललात. पण तुमच्याच पत्राप्रमाणे ‘मॅडम’ बढतीच्या दुसऱ्या दिवशी आलं, बिल्टीचा मेसेज कितीतरी नंतरचा. म्हणजे तो टोमणा नाही. मुंबईच्या ऑफिसांत ज्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली त्या पिढीसाठी खुर्चीला मान देणं हा कामाचाच भाग आहे. काल जिला ‘अगं’ म्हणत होतो तिला आज सगळ्यांदेखत ‘मॅडम’ म्हणणं याचा अर्थ उरलेल्या पाच जणांना सांगणं की आता या आपल्या प्रमुख आहेत आणि मी ते मान्य केलंय. टीममधला सगळ्यात ज्येष्ठ माणूस हे न सांगता, न मागता करतो, तेव्हा त्याने तुमचं काम निम्मं सोपं करून ठेवलेलं असतं. ते ‘अगं’च म्हणत राहिले असते तर दोन महिन्यांत टीममधल्या एखाद्या मुलाने तुमचा शब्द हलक्यात घेतला असता, आणि ते काकांनाही आवडलं नसतं.

म्हणून ‘मला मॅडम म्हणू नका’ असा हट्ट करू नका. धाकट्या माणसाने मोठ्याला ‘माझ्याशी पूर्वीसारखंच बोला’ असं सांगणं हाही एक हुकूमच होतो. त्यांच्या टेबलापाशी जा. मेसेज नको, फोनही नको. ‘काका, त्या दिवशी ग्रुपवर विचारायला नको होतं. तुम्हालाच विचारायला हवं होतं,’ एवढं बोला आणि थांबा. ‘घाईत होते’, ‘पार्टी ओरडत होती’ हे पुढे जोडू नका, कारण मग ते सांगणं राहत नाही, खुलासा होतो. ते बहुधा ‘अहो मॅडम, त्यात काय’ म्हणतील. म्हणू देत. मग जाता जाता सांगा, ‘ग्रुपवर तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, पण एरवी मी तुमच्यासाठी तीच आहे.’ पुढे काय म्हणायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

ग्रुपवर जाहीर माफी मागावी का, असाही विचार तुमच्या मनात आला असेल. माझं मत नको असं आहे. माफीने ते पुन्हा सगळ्यांच्या चर्चेचा विषय होतील, आणि त्यांना नेमकं तेच नको असणार. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात योग्य वेळ येईल तेव्हा ग्रुपवर लिहा: ‘नाशिकच्या तिन्ही गाड्यांचे कागद काकांनी तपासून दिले आहेत. शंका असेल तर त्यांना विचारून पुढे जा.’ ‘दिले आहेत’, ‘त्यांना’: त्यांचा मान या शब्दांतून सगळ्यांसमोर परत जातो.

‘काका’ ही हाक मात्र टीमपुरतीच ठेवा. बाहेरच्या पार्टीला मेल जाईल तेव्हा ‘श्री.’ लावून त्यांचं पूर्ण नाव लिहा. ऑफिसातल्या नात्याच्या हाका प्रेमाच्या असल्या तरी त्या माणसाचं वय आधी सांगतात आणि हुद्दा नंतर. बायकांच्या बाबतीत तर अधिकच जपा. चाळिशीतल्या सहकारी बाईला कोणी ‘काकू’ लिहिलं तर ती वरवर हसेल आणि मनातून दुखावेल. ‘ताई’ एक वेळ चालतं, तेही तिला चालत असेल तर.

आता हेड. त्यांनी ‘तू’ लिहिलं म्हणून तुम्हीही ‘तू’च लिहिलं पाहिजे असं नाही. मराठीत नावाने हाक आणि पुढे ‘तुम्ही’ हे दोन्ही एकत्र छान नांदतात. नुसतं नाव घ्या आणि पुढे ‘तुम्ही कालचे आकडे पाहिलेत का?’ असं विचारा. त्यांची ‘सर नको’ ही विनंतीही पाळली जाते आणि तुमचा संकोचही राहतो. मी ही जोडी सगळ्यांना सुचवते, कारण मुंबईतल्या अर्ध्या ऑफिसांत आता हेच चालतं आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. ‘तू’ हा शब्द मुळात हलका नाहीच. कितीतरी घरांत बाबांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ असतं, पंढरीच्या विठोबालाही आपण ‘तू’च म्हणतो. पण आईला ‘तू’ म्हणायला वर्षं लागत नाहीत, हेडला म्हणायला लागतात. तो वेळ घ्या.

त्यांच्या ‘तू’कडे मात्र एकदा नीट बघा. ते काकांनाही ‘तू’ लिहितात का? नसतील, तर ‘तू’ कोणासाठी आणि ‘तुम्ही’ कोणासाठी हे त्यांना व्यवस्थित कळतं, काळजी नाही. लिहीत असतील, तर काकांना ते कसं वाटतं हे हेडना एकट्यात सांगायचं काम तुमचं, कारण दोघांच्या मध्ये तुम्ही आहात. आणि जो वरचा माणूस खालच्यांना ‘तू’ लिहितो पण खालून ‘तू’ आलं की गप्प होतो, त्याच्या ‘तू’मध्ये जवळीक नसते, हुद्दाच असतो. तुमचे हेड तसे वाटत नाहीत. त्या हसण्याच्या इमोजीबद्दल त्यांना सरळ सांगा: ‘मला तुम्ही लिहिणंच सोपं जातं, तेवढं चालवून घ्या.’ मोकळेपणा हवा असं म्हणणाऱ्याला हा मोकळेपणाही आवडायला हवा.

इंग्रजीत लिहून सुटका करून घेता, हे मी समजू शकते. मुंबईत असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. शेजारच्या टेबलावर गुजराती, पलीकडे तमिळ, मीटिंगमध्ये हिंदी, मग मराठी माणसांनीही एकमेकांना इंग्रजीत लिहिणं अंगवळणी पडतं. पण ज्या काकांशी तुम्ही नऊ वर्षं मराठीत बोललात त्यांना बढतीनंतर इंग्रजीत मेसेज जायला लागला, तर त्यांनी त्याचा काय अर्थ लावायचा? ‘मॅडम’ने तुम्हाला जे वाटलं तेच त्यांना तुमच्या इंग्रजीने वाटत असणार.

आणि ‘तू’ की ‘तुम्ही’ यात अडकायचंच नसेल तर मराठीतच त्याची उत्तम सोय आहे. ‘आकडे आज मिळतील का?’ ‘उद्या अकराला भेटणं जमेल का?’ ‘गाडीचा नंबर कळला तर बरं होईल.’ ‘कालच्या बिल्टीची कॉपी हवी होती.’ ‘जरा एक विचारायचं होतं.’ यात कुठेच ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, आणि एकही वाक्य तुटक नाही. ‘हवी आहे’ऐवजी ‘हवी होती’ म्हटलं की मागणीची धार जाते, हे आपल्या आया-आज्या शेजारी वाटीभर साखर मागताना रोज करत आल्यात. हेडसाठी सुरुवातीचे काही महिने ही वाक्यं वापरा. काकांसाठी नको. त्यांना स्पष्ट ‘तुम्ही’ गेलं पाहिजे, तेही ‘त’सकट.

‘आपण’ मात्र रोजच्या मेसेजमध्ये टाळा. मुंबईत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस, आपण सगळे, आणि बोलीत तर ‘मी’सुद्धा. ‘भिवंडीच्या गोदामाचं आपण बघायचं आहे’ असा मेसेज गेला तर बघायचं कोणी, तुम्ही की काका? दोघंही दुसऱ्याची वाट पाहत बसतात आणि गाडी गोदामाबाहेर उभी राहते.

अभिवादनाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण त्या बिल्टीच्या मेसेजमध्ये तेही नव्हतं म्हणून लिहिते. दिवसातल्या पहिल्या मेसेजला ‘नमस्कार’ असावा, नंतरच्या प्रत्येकाला नको. ‘सुप्रभात’ दुपारी दीड वाजता वाचलं जातं तेव्हा विचित्र दिसतं, ‘नमस्कार’ला वेळेचं बंधन नाही. पण ‘नमस्कार’ किंवा ‘हाय’ एवढंच पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. समोरचा माणूस सकाळी विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. दुसऱ्या हातातल्या फोनवर फक्त पहिली ओळ दिसते. त्या ओळीत नुसतं ‘हाय’ असेल तर चर्चगेटपर्यंत त्याला वाटत राहतं की काहीतरी गडबड झालीय. नमस्कार आणि काम एकाच मेसेजमध्ये, शक्यतो एकाच ओळीत लिहा.

थोडक्यात लिहिलं की संस्कार बुडाले असं म्हणणारी माणसं तुम्हाला ऑफिसात भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका. जुन्या मराठी पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा लांबलचक मायना असे, पण त्याचंच पुढे ‘रा. रा.’ झालं. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत लिहिलं जाई, आणि पोस्टकार्डावर ते वाचणाऱ्या सासऱ्यांना कधी अपमान वाटला नाही. १८७९ मध्ये आपल्याकडे पोस्टकार्ड आलं, म्हणजे थोडक्या जागेत मान राखून लिहिण्याची सवय या भाषेला चांगली जुनी आहे. त्या पत्रांत एक पथ्य मात्र कडक असे. मोठ्याला लिहिण्याचा मायना वेगळा आणि धाकट्याला ‘चि.’ व ‘अनेक आशीर्वाद’ वेगळे. आज ऑफिसात इतक्या पायऱ्या नकोत, पण समोर कोण आहे हे लिहिण्याआधी क्षणभर आठवणं अजूनही लागतं.

ज्याने जे अभिवादन केलं त्याला तेच परत द्या. ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय महाराष्ट्र’ला ‘जय महाराष्ट्र’. मुंबईच्या ऑफिसात हे सगळे नमस्कार एकाच सकाळी येतात. एखाद्याच्या ‘जय भीम’ला मुद्दाम ‘गुड मॉर्निंग’ने उत्तर दिलं जातं तेव्हा ते त्याच्या लगेच लक्षात येतं, आणि यावा तसा रागही येतो. आडनावांचंही असंच आहे. आपल्याकडे आडनावावरून गाव आणि जात दोन्ही शोधायची खोड आहे, म्हणून काही जण मेलखाली नुसतं नावच लिहितात. लग्नानंतर कोणी आडनाव बदलतं, कोणी बदलत नाही. अंदाज बांधू नका. माणूस स्वतःच्या मेलखाली जे नाव लिहितो त्याच नावाने त्याला लिहा, म्हणजे चुकायचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत अशी एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे, कारण आता टीम तुमच्याकडे आहे. ग्रुपवर ‘मावशी आज आली नाही’, ‘वॉचमनला सांगितलं, तो ऐकत नाही’ अशी वाक्यं रोज जातात. त्याच ग्रुपवर ‘हेड आज आले नाहीत’ असतं. मावशींचं वय हेडच्या आईएवढं असेल, तरी क्रियापद पगाराप्रमाणे खाली येतं. हे वाचून माझा जीव खरंच तुटतो, कारण लिहिणारी मुलं वाईट नसतात, त्यांना ते दिसतच नाही. तुम्ही ‘मावशी आज आल्या नाहीत, त्यांची तब्येत कोणी विचारली का?’ असं लिहायला लागा. कोणाला काही समजावू नका, नुसतं लिहीत राहा. टीम प्रमुखाची क्रियापदं उचलते. आणि मावशींचं नाव काय आहे ते विचारून घ्या. ‘मावशी’ हाक गोड आहे, पण मजल्यावर तिघी असतील आणि तिघीही ‘मावशी’ असतील तर कोणाची रजा मंजूर झाली हे त्यांनाही कळत नाही.

‘हाय डिअर’वाल्याला सौम्यपणा दाखवायची गरज नाही, रागही नको. ‘नमस्कार. मला नावाने किंवा मॅडम असं लिहावं. आजच्या गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल पाठवा.’ इमोजी नको, ‘प्लीज’ नको. बरेच जण एवढ्याने सुधारतात, त्यांना ती सवय जडलेली असते. नाही सुधारला तर त्याच्या मालकाला तुमच्या ऑफिसकडून मेल जाऊ द्या. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नुसता ‘डिअर’ हा दरवेळी छळ ठरेलच असं नाही, पण त्यापुढे रूपावर, कपड्यांवर किंवा भेटण्यावर लिहिणं सुरू झालं तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तुमच्या बाजूने आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारीही मालकाची आहे. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते, तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणून लांबवू नका.

महापालिकेच्या मेलमध्ये ‘सर’ नको. ‘प्रति, मा. सहायक आयुक्त, जी-दक्षिण विभाग’ अशा पद्धतीने, जिथे अर्ज करायचा त्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहा. खाली विषय, मग ‘महोदय’. पदावर कोण आहे ते ठाऊक नसेल तर ‘महोदय/महोदया’. तिथे ‘आपण’ शोभतं, कारण तिथे घोटाळा होत नाही. शेवटी ‘आपली विश्वासू’ आणि पूर्ण नाव, हुद्दा, फोन. फोनवर पलीकडून ‘वंदे मातरम्’ ऐकू आलं तर गोंधळू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य शासनाने सरकारी कर्मचाऱ्यांनी ‘हॅलो’ऐवजी तसं म्हणावं असा निर्णय काढला होता, सक्ती नव्हती. तुम्ही ‘नमस्कार’ म्हटलंत तरी चालतं.

रात्रीच्या मेसेजबद्दल दोनच वाक्यं. नोकरीच्या वेळेनंतर फोन आणि मेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पण प्रमुख म्हणून तुम्ही रात्री अकराला पाठवलेला ‘जरा बघाल का’ हा मेसेज काकांना हुकूमच वाटणार, म्हणून मेल असेल तर सकाळची वेळ लावून ठेवा आणि मेसेज असेल तर ‘उद्या पाहिलंत तरी चालेल’ हे शब्द विसरू नका.

राहिली गुड मॉर्निंगची फुलं. ग्रुपवरच्या फुलांना उत्तर देणं बंधनकारक नाही, चाळीस जणांनी चाळीस वेळा हात जोडले तर कामाचा मेसेज खाली गाडला जातो. कोणी तुम्हाला एकटीला पाठवत असेल तर आठवड्यातून एखाद्या दिवशी ‘नमस्कार, कसे आहात?’ एवढं लिहा. ग्रुपवर कोणाच्या घरी कोणी गेल्याची बातमी आली तर मात्र तिथल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या रांगेत आणखी एक भर घालण्यापेक्षा त्या माणसाला स्वतंत्र चार ओळी लिहा, आणि त्या बातमीखाली दुपारपर्यंत तरी गाडीचे नंबर टाकू नका. अगदीच अडलं तर ज्याच्याकडे काम आहे त्याला फोन करा.